आमची वाटचाल : इन्स्टॉलेशनचा कागद

जळगाव परिसरातले आडते, जिनिंगवाले आणि कृषी सेवा केंद्रे यांच्यासाठी आम्ही बिलिंगचे सॉफ्टवेअर करतो. पूर्वी इन्स्टॉलेशनला आमचा माणूस जायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि रावेर, शिरपूर, शहादा, सगळीकडून एकदमच बोलावणी आली. सगळीकडे माणूस पाठवणे जमेना. तेव्हापासून प्रोग्रामइतकीच मेहनत आम्ही इन्स्टॉलेशनच्या कागदावर, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच कसे बसवायचे ते सांगणाऱ्या कागदावर घेतो.

वाचणारे दोन टोकांचे असतात. एकीकडे आयुष्यभर खातेवही लिहिलेले दिवाणजी, दुसरीकडे गावातल्या सगळ्या पेढ्यांचे संगणक सांभाळणारा हार्डवेअरवाला. वेगवेगळ्या पुस्तिका काढल्या की नेमकी नको ती हाती पडते, म्हणून कागद एकच, पाठपोट. पुढे पायऱ्या, मागे जाणकारापुरता तक्ता: विंडोजची आवृत्ती, रॅम, मोकळी जागा, डेटाचे फोल्डर, फायरवॉलचे पोर्ट.

एका पायरीत एकच कृती, आणि तिच्याखाली पडद्यावर काय दिसायला हवे ते. बटणाचे नाव पडद्यावर असते तसेच छापतो, शेजारी उच्चार. 'सेटअप चालवा' एवढे लिहून भागत नाही. फाइल झिपमध्ये येते. झिप न उलगडता आतल्याच सेटअपवर डबल-क्लिक केले की विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते, सोबतच्या फाइल मागेच राहतात आणि 'फाइल सापडत नाही' असा एरर येतो. म्हणून पहिली पायरी: झिपवर राइट क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'. खूण: त्याच नावाचे साधे पिवळे फोल्डर, ज्यावर चेन नाही.

पायऱ्या सुरू करण्याआधीच 'सिस्टिम टाइप', म्हणजे विंडोज 32-बिट आहे की 64-बिट, ते बघायला लावतो. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस 2016 च्या आवृत्तीपासून फक्त 64-बिट विंडोजवर चालतो. हे शेवटी कळले तर सगळा वेळ वाया.

डेटाबेस बसताना हिरवी पट्टी बराच वेळ हलत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर तर फारच. 'भाऊ, अडकलं वाटतं' म्हणत माणूस संगणक बंद करतो आणि अर्धवट डेटाबेस पुढच्या प्रयत्नालाही आडवा येतो. तिथे ठळक अक्षरांत लिहितो: पट्टी थांबली तरी बंद करू नका, यूपीएस चालू ठेवा.

परवानगीच्या खिडकीत 'येस' दाबण्याआधी प्रकाशक म्हणून आमच्या फर्मचे नाव वाचायला सांगतो. 'अननोन पब्लिशर' दिसले तर थांबा आणि फोन करा. डोळे मिटून 'येस' दाबायची सवय आम्ही तरी लावणार नाही.

सर्वांत फसवी चूक तारखेची. विंडोजमध्ये अमेरिकी पद्धत राहिली की 5 एप्रिल म्हणून टाकलेली तारीख 4 मे होऊन बसते. 12 तारखेपर्यंत सारे बिनबोभाट चालते, 13 ला एरर येतो. तोवर बिले चुकलेली असतात. शेवटच्या पायरीत म्हणूनच एक चाचणी बिल आहे, 25 तारखेचे.

नवा कागद छापण्याआधी तो सॉफ्टवेअर कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती देतो आणि शेजारी गप्प बसतो. माउस जिथे घुटमळेल, ती ओळ बदलतो. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सध्या विंडोज 11 च्या पडद्यांची चित्रे घालून पुढची बाजू नव्याने लावतो आहोत.