ड्रेस्डेनमधला पहिला हिवाळा आणि खिडकीतला उजेड

मी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला आले तेव्हा रात्री साडेआठलाही एल्बे नदीच्या काठावर लोक गवतात बसलेले असायचे. थंडीची तयारी मी मिरजेहूनच करून आले होते. जाड जॅकेट, थर्मल, आईने विणलेले लोकरीचे मोजे, सगळं होतं. अंधाराबद्दल मात्र मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

29 ऑक्टोबर 2023 ला इथली घड्याळं एक तास मागे गेली. भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा झाला. मी ऑफिसमधून सहाला घरी यायचे तेव्हा मिरजेत साडेदहा वाजलेले असायचे. आई माझ्या फोनसाठी जागी राहायची. "अगं, तिकडं रात्र झाली का एवढ्यात?" हा तिचा रोजचा प्रश्न. डिसेंबरात मिरजेतला दिवस अकरा तासांचा असतो, इथला जेमतेम आठ तासांचा. सकाळी आठला उजाडतं आणि चारला दिवे लागतात. मधले आठ तास मी ऑफिसात असायचे आणि उन्हाचं तोंड दिसायचं ते फक्त शनिवार-रविवारी, तेही ढग नसतील तर.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठणंच नकोसं झालं. स्वयंपाक करावासा वाटेना, जेवण जाईना आणि उगाचच रडू यायचं. मी तीन आठवडे हे अंगावर काढलं, तसं करायला नको होतं. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होण्याइतकं प्रखर नसतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. रक्त तपासून गोळ्या दिल्या आणि 10,000 लक्सच्या, म्हणजे खूप प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसायला सांगितलं. शिवाय ढगाळ असलं तरी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालून यायचंच. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. आपण आळशी झालो, असं समजून स्वतःला दोष देऊ नका. वेळेत डॉक्टर गाठा.

पण मला खरा आधार दिला तो शेजारच्या आजींनी.

दिवाळी त्या वर्षी 12 नोव्हेंबरला होती. मी बॅगेतून घडी करून आणलेला कागदी आकाशकंदील खिडकीत लावला. दोन दिवसांनी आजी माझं पार्सल द्यायला आल्या. आपण घरी नसलो तर पार्सल शेजारी ठेवून जातात, ओळख व्हायला ही पद्धत फार चांगली. त्यांनी कंदिलाकडे पाहिलं आणि अगदी हळुवार विचारलं, "तारा आपण जरा लवकर लावलात का?" आम्ही एकमेकींना अजूनही 'झी', म्हणजे 'आपण' म्हणतो. त्यांना तो नाताळचा तारा वाटला होता. त्यांच्याकडे नाताळचे दिवे 'टोटनझोनटाग'च्या आधी लावत नाहीत. तो गेलेल्या माणसांची आठवण काढायचा रविवार. त्यानंतरच्या रविवारी अॅडव्हेंट, म्हणजे नाताळआधीचा चार रविवारांचा काळ, सुरू होतो. मी त्यांना दिवाळीबद्दल सांगितलं आणि कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहील म्हटलं. नंतर कॅलेंडर पाहिलं तर त्यांचा तो रविवार आणि आपली त्रिपुरी पौर्णिमा दोन्ही 26 नोव्हेंबरलाच होती. त्या संध्याकाळी मी कंदील उतरवला. त्यांना सांगितलं तेव्हा आजींनी माझा हात हातात घेतला.

3 डिसेंबरला, अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, त्या एक चपटं खोकं घेऊन आल्या. आत हेर्नहूटचा तारा होता, सुट्ट्या भागांत. ड्रेस्डेनच्या पूर्वेला हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या निवासी शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना हे तारे करून घ्यायचे. कागदाची 25 टोकं असतात, 17 चौकोनी बुडाची आणि 8 त्रिकोणी बुडाची. मधल्या आकृतीला बाजू 26, पण सव्विसावी दिवा आत सोडायला मोकळी ठेवतात. टोकांच्या कडांना भोकं असतात. त्यांत पितळी पिना घालायच्या आणि त्यांचे पाय आतून फाकवायचे. आम्हाला दोन तास लागले. शेवटची दोन टोकं फार छळतात, कारण आत बोटंच जात नाहीत. आजींनी चमच्याच्या दांड्याने पिना दाबल्या. दिवा लावला तेव्हा मला घरी बाबांबरोबर कामट्या आणि खळ घेऊन केलेले कंदील आठवले.

त्यांच्या स्वतःच्या खिडकीत 'श्विबबोगन' असतो, लाकडी कमानीवर दिव्यांची रांग. हा इथून जवळच्या एर्त्सगेबिर्ग या खाणींच्या डोंगराळ भागातला प्रकार. खाणकामगार उजाडायच्या आत खाणीत उतरायचे आणि अंधार पडल्यावर वर यायचे. उजेडाची त्यांना केवढी ओढ असेल, ते आजींनी सांगितल्यावर मला लगेच कळलं. त्यानंतर संध्याकाळी ट्राममधून उतरले की रस्ताभर खिडक्यांतल्या कमानी बघत मी घरी यायचे.

आजींनीच मला दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायला शिकवलं. तोवर मी खिडक्या गच्च बंद करून घरातच कपडे वाळवत होते आणि कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली होती.

ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट हा नाताळचा बाजार 1434 पासून भरतो. श्ट्रीत्सेल म्हणजे इथला श्टोलन, सुक्या मेव्याचा लांबट गोड पाव, वरून पिठीसाखरेत बुडवलेला. अॅडव्हेंटच्या उपवासात पूर्वी लोणी चालायचं नाही, म्हणून श्टोलन तेलात करत आणि तो बेचव लागे. 1491 मध्ये पोपने लोणी वापरायची परवानगी दिली. उपवासाला काय चालतं नि काय नाही, याची चर्चा आपल्याकडेही घरोघर होते, त्यामुळे ही गोष्ट आईला फार आवडली. आजी श्टोलन मधोमध कापतात, हवी तेवढी कापं काढतात आणि उरलेले दोन भाग पुन्हा जोडून ठेवतात. त्यामुळे कापलेली बाजू कोरडी पडत नाही.

24 डिसेंबरला रविवार होता, म्हणजे सलग तीन दिवस दुकानं बंद. दूध, भाजी, ब्रेड शनिवारीच भरून ठेवावं लागलं. दुपारनंतर रस्ते इतके शांत झाले की जीव कासावीस झाला. तेवढ्यात आजींनी दार वाजवलं. त्यांच्याकडे त्या रात्रीचं जेवण साधंच असतं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. मी सॅलड खाल्लं आणि करंज्या नेल्या होत्या, त्या श्टोलनशेजारी ठेवल्या. चर्चच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी खिडकी उघडली. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात पडलेलं फ्राउएनकिर्खं हे चर्च चाळीसहून अधिक वर्षं दगडांचा ढीग होऊन पडलं होतं. 1993 च्या नाताळात त्या अवशेषांसमोर लोक प्रार्थनेला जमले, त्यांत त्याही होत्या. "थंडी फार होती," एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

दिवे इथे बरेच जण सहा जानेवारीला उतरवतात. आजी मात्र जुन्या रीतीने 2 फेब्रुवारीपर्यंत, लिष्टमेस या ख्रिस्ती सणापर्यंत ठेवतात. मीही ठेवले. त्या दिवशी लवकर घरी आले आणि ताऱ्याच्या पिना एकेक करून सोडवल्या. चौकोनी टोकं एकात एक बसवली, त्रिकोणी वेगळी, पिना डबीत. खोकं बंद करून घड्याळ पाहिलं तर पावणेपाच झाले होते आणि खोलीतला दिवा मी अजून लावलेला नव्हता.