सावलीचे वेळापत्रक : महाविद्यालयाच्या आवारात हिरवी जागा शोधताना

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी ज्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, ते शहराच्या अगदी दाट भागात आहे. तीन बाजूंना वाहता रस्ता, चौथ्या बाजूला कार्यालयांच्या उंच इमारती आणि मधल्या जागेत एकमेकींना खेटून उभे असलेले विभाग, अशी त्याची रचना आहे. पहिल्या सत्राचे दोन महिने मी वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृह एवढ्याच ठिकाणी वावरले. झोप पुरेशी होत होती, तब्येतही बरी होती, तरीही दुपारनंतर एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचावा लागत असे. एके दिवशी सहज हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की सकाळपासून रात्रीपर्यंत मी उघड्या आकाशाखाली जेमतेम पंधरा मिनिटे असते आणि तीही एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरण्यापुरती.

या थकव्याचे एक स्पष्टीकरण मला पुढे वाचनात सापडले. एखाद्या कामावर लक्ष टिकवण्यासाठी मनाला बाकीच्या गोष्टी सतत बाजूला साराव्या लागतात आणि ही शक्ती वापराने शिणते, असे मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडले आहे. हलणारी पाने, ढग, पाणी यांच्याकडे मात्र आपले लक्ष आपोआप जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या वेळात ती शिणलेली शक्ती सावरते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झाडांमधून चालून आलेल्यांची उलट क्रमाने अंक सांगण्याची क्षमता सुधारलेली दिसली. गजबजलेल्या रस्त्यांवरून चालून आलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. हे वाचल्यावर मी ठरवले की याच आवारात, अभ्यासाच्या वेळापत्रकात बसेल अशी हिरवी जागा शोधायची. सुट्टीच्या दिवशी दूरच्या उद्यानात जाणे चांगलेच, परंतु मला ती जागा मंगळवारी दुपारी तीन वाजता हवी होती.

सुरुवात नकाशापासून केली. उपग्रहाच्या छायाचित्रात आवारात नऊ हिरवे ठिपके दिसत होते. प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा त्यांतील दोन कृत्रिम गवताची मैदाने निघाली, एक रंगवलेली गच्ची होती आणि एक वाहनतळाच्या कडेची, कुंपणाने बंद केलेली चिंचोळी पट्टी. उलट, ज्या जागेने पुढे मला सर्वाधिक दिले, ती छायाचित्रात दिसतच नव्हती, कारण छायाचित्र टिपले त्या वेळी तिच्यावर शेजारच्या इमारतीची गडद सावली पडली होती. म्हणून वरून दिसणाऱ्या चित्रावर विसंबून यादी पक्की करू नये, असे मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

त्यानंतरचे दोन आठवडे मी एक वही घेऊन फिरले. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यानंतर, अशी चार वेळा गेले आणि ऊन, सावली, वारा, आवाज, बसण्याची सोय आणि तिथे असलेली माणसे यांची नोंद केली. ही नोंद सुरुवातीला मला अतिरेकी वाटली होती, पण एकच जागा दिवसाच्या दोन प्रहरांत दोन वेगळ्या जागा असते, हे त्याशिवाय कळले नसते. मुख्य इमारतीसमोरची हिरवळ छायाचित्रांत सुंदर दिसते, मात्र अकरा ते चार या वेळेत तिथे सावलीचा एक तुकडाही नसतो. दोन उंच इमारतींमधल्या बोळात छान झाडे आहेत, तरी तिथे कोणी बसत नाही. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो आणि अरुंद वाटेत त्याचा वेग वाढतो, त्यामुळे वहीची पाने धरून ठेवावी लागतात. विषुववृत्ताच्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि उंच इमारतींची उत्तर बाजू दिवसभर सावलीत राहते. हे भूगोलात शिकलेले होते, परंतु त्याचा अर्थ त्या बाजूच्या कट्ट्यावर गारठत बसल्यावरच नीट समजला. दिवे लागल्यानंतरची नोंद मी मुद्दाम वेगळ्या पानावर केली, कारण मागच्या बाजूच्या झाडीतली वाट दिवसा कितीही शांत असली, तरी अंधारात तिथून एकटीने जावे असे मला वाटत नव्हते आणि ज्या जागी मन सावध राहते तिथे विसावा मिळत नाही.

या काळात माझी सर्वांत मोठी मदत माळीकाकांनी केली. हिरवळीचा अर्धा भाग दोरी लावून बंद केलेला पाहून मी थोड्या नाराजीनेच कारण विचारले. "ताई, पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीवर पाय पडले की ती दबते. मग आत हवा जात नाही, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात," असे म्हणून त्यांनी मला झाडाखालची घट्ट माती हाताने चाचपून दाखवली. झाडांची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या हातभर थरातच असतात, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वर्दळीचा फटका त्यांना आधी बसतो, हे मला तेव्हा कळले. पुढे ते म्हणाले, "बसायला जागा हवी ना? मग प्रयोगशाळांच्या मागचा चौक बघितला का? दोन मोठी झाडं आहेत तिथं. कुलूप असतं, पण पाणी घालायला मी रोज जातो." छायाचित्रातल्या सावलीत दडलेली जागा ती हीच.

चौक पाहिल्यावर मी तिथेच थबकले. चारही बाजूंना इमारत असल्याने रस्त्याचा आवाज जवळजवळ पोहोचत नव्हता, दोन्ही झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या होत्या आणि खाली मोडक्या बाकांचा ढीग पडलेला होता. कोपऱ्यातल्या कुलुपाची किल्ली नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते, हे शोधण्यातच एक आठवडा गेला. विद्यार्थी कल्याण कक्षाने मला इमारत देखभाल विभागाकडे पाठवले, तिथून सुरक्षा कार्यालयाकडे आणि तिथून पुन्हा विद्यार्थी कल्याण कक्षाकडे. पहिला अर्ज मी भावनेच्या भरात लिहिला होता, विद्यार्थ्यांना मोकळ्या हवेची किती गरज आहे हे त्यात दोन पाने भरून सांगितले होते, आणि तो कोणताही शेरा नसताना परत आला. त्या वेळी मला फार वाईट वाटले. नंतर देखभाल विभागातील एका अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावले की जागेची गरज त्यांनाही मान्य आहे, प्रश्न जबाबदारीचा आहे: चौक कोण उघडणार, कोण बंद करणार, एका वेळी किती जण असणार आणि आग लागल्यास ते कुठून बाहेर पडणार.

दुसऱ्या अर्जात मी एवढ्याच प्रश्नांची उत्तरे दिली. हाताने काढलेला आराखडा जोडला, दोन्ही दारांपर्यंतची वाट दाखवली आणि मोडके बाक त्यांपैकी एका दाराच्या वाटेत पडलेले असल्याने ते हलवणे सुरक्षेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, असे नमूद केले. वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच, एका वेळी जास्तीत जास्त पंचवीस जण आणि किल्लीची नोंदवही सुरक्षा कार्यालयात, असा प्रस्ताव ठेवला आणि आठ विभागांतील विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. पहिल्या अर्जापासून सहाव्या आठवड्यात परवानगी मिळाली. बाक उचलले गेले त्या दिवशी माळीकाकांनी झाडांच्या बुंध्यांभोवती वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन पसरले आणि बसण्यासाठीच्या फरशा मुळांपासून दूर, भिंतीच्या कडेने लावाव्यात असे सुचवले. आम्ही तसेच केले.

मैदानाचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. ते नेहमी संघांच्या सरावाने भरलेले दिसत असल्याने आमच्यासाठी नाहीच, असे मी गृहीत धरले होते. क्रीडा विभागात जाऊन वेळापत्रक मागितल्यावर आठवड्यातून दोन सकाळी ते मोकळे असल्याचे कळले. ओळखपत्र दाखवून चेंडू, दोरउड्यांच्या दोऱ्या आणि फ्रिस्बी घेता येतात, हेही तिथेच समजले. अल्टिमेट फ्रिस्बी या, चकती फेकत-झेलत खेळायच्या सांघिक खेळाला नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंनी सात-सात खेळाडू आणि 100 मीटर लांब, 37 मीटर रुंद मैदान लागते. आम्ही चार-चार जण अर्ध्या मैदानात खेळतो. या खेळात पंच नसतो, नियमभंग खेळाडूंनीच मान्य करायचा असतो, त्यामुळे एकमेकांना न ओळखणारी मुले-मुलीही लवकर मिसळतात. दोन झाडांना झोळी बांधून पडण्याची काहींची इच्छा होती, तिला मात्र मी विरोध केला, कारण बारीक दोरीने सालीला काच पडतो आणि सालीखालचा अन्न वाहून नेणारा थर दुखावतो. रुंद पट्टे मिळेपर्यंत तो विषय थांबवला आहे.

वेळ कसा विभागावा, हे ठरवताना मला इंग्लंडमधील एका पाहणीचा आधार मिळाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे 20,000 लोकांची माहिती होती आणि आठवड्यात एकूण 120 मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले होते. अशा पाहणीतून निसर्ग हेच त्याचे कारण आहे असे सिद्ध होत नाही, कारण मुळात निरोगी माणसेच अधिक बाहेर पडत असतील हीही शक्यता उरते. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट उपयोगाची वाटली: तो वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडलेला दिसला नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार दुपारच्या सुट्टीनंतर वीस मिनिटे चौकात आणि दोन सकाळी मैदानावर, अशी मांडणी मी केली. चौकात फोन आणि पुस्तक दोन्ही पिशवीत ठेवते. पुस्तक बाहेर काढले की ती अभ्यासिकाच होते.

हिवाळा सरल्यावर वही पुन्हा उघडावी लागली. सूर्य वर सरकला आहे, सकाळी थंड असणारा कट्टा आता दुपारपर्यंत उबदार राहतो आणि चौकात दीडच्या सुमारास फांद्यांमधून उन्हाचे कवडसे फरशीवर उतरू लागले आहेत. मागच्या झाडीतल्या वाटेवर दोन दिवे लावावेत, यासाठीचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. या वेळी आराखडा पहिल्याच पानावर आहे.