आमची वाटचाल : पाच पाठी आणि एक बोकड

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आमच्या शेळ्यांचंही तसंच आहे; जात सुरती, चारा इकडचा. २०११ साली दीड एकराच्या तुकड्यावर पाच पाठी (न व्यालेल्या तरण्या शेळ्या) आणि एक बोकड आणला तेव्हा भावकी हसली. ‘एवढ्याशा शेळ्या? तराजूत काय पडणार?’ पण मला मटण विकायचंच नव्हतं. सुरती अंगानं लहान, पायानं आखूड. लांब चरायला नेली तर दमते. जागेवर बांधा, गव्हाणीत सुबाभूळ, शेवरी, मूठभर भरडा टाका, की कास भरते. दीड एकरवाल्याला आणखी काय पाहिजे?

पहिली वर्षं सोडून देतो. २०१६ चं सांगतो.

दूध कमी पडायला लागलं म्हणून भागातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून सहा दुभत्या घेतल्या. ‘पीपीआरची लस झालीय,’ म्हणाला; पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. मी कागद मागितला नाही, वर घाईनं त्या सरळ कळपात सोडल्या. आठवडा झाला नाही तोच पहिलीला ताप. मग नाक वाहणं, तोंडात फोड, हगवण. घरच्या शेळ्यांची लस मीही दोनदा पुढे ढकलली होती, तेही लिहून टाकतो. सव्वीसपैकी सतरा गेल्या. गाभण होत्या त्यांतल्या बऱ्याच गाभडल्या. बांधाला खड्डे खणून, चुना टाकून पुरल्या.

त्याहून लागलं ते पुढचं. त्याच माणसानं बाजारात उठवलं, की यांचं दूध रोगट आहे. पीपीआर माणसाला होत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. आमची गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. तो गाईच्या दुधात शेळीचं मिसळून ‘अस्सल शेळीचं’ म्हणून खपवायचा. डेंगीच्या दिवसांत, लोक शेळीचं दूध औषध समजून शोधतात तेव्हा, तर तिप्पट भावानं. (त्या दिवसांत दूध मागायला येतो त्याला मी आधी डॉक्टरकडे जा म्हणतो, आणि भाव रोजचाच लावतो.)

एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही बाई म्हणायचो. नातवासाठी रोज अर्धा लिटर न्यायच्या. सगळे तुटले तरी त्यांची कडीची किटली सकाळी साडेसहाला फाटकावर हजर. दूधच नाही म्हटलं तर म्हणाल्या, ‘असेल तेवढं घाल.’ पाव लिटर मिळायचं आणि महिन्याचे पैसे पूर्ण, तेही आगाऊ. त्यातून घेतलेला थर्मामीटर अजून गोठ्याच्या खांबाला टांगलेला आहे.

कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, तिची बादलीही वेगळी, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा. बोकड दुभत्यांपासून लांब ठेवा. दुधाला वास लागतो आणि माणूस उगाच भांडी घासत बसतो. सड चिमटीत धरून ओढू नका, मुठीत दाबा. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घ्या, कास आजारी असेल तर दुधातल्या गाठी लगेच दिसतात. करडाला जन्मल्यापासून अर्ध्या तासात चीक पाजा, शेळीची वार (जार) पडायची वाट बघू नका.

नवाच्या चाळीस झाल्या, त्यात काही वर्षं गेली; सांगण्यासारखं काही घडलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्या व्यापाऱ्याचा माणूस आला. पैदाशीला बोकड पाहिजे होता. मी आधी लसीच्या तारखांचा कागद त्याच्या हातात दिला, पूर्ण वाचायला लावला. मग भाव सांगितला, दुसऱ्या कुणाला कधी सांगितला नसता एवढा. घासाघीस न करता घेऊन गेला.