ब्रम्बी घरी आणताय?

आज पुन्हा तोच प्रश्न आला: ऑस्ट्रेलियातल्या कॉझिअस्को नॅशनल पार्कमधून पकडलेला ब्रम्बी, म्हणजे तिथला रानघोडा, दत्तक घेतला, तर सोडायचा कुठे? मोकळ्या कुरणात तर मुळीच नाही. 2021 च्या आराखड्यात जून 2027 पर्यंत तिथल्या घोड्यांची संख्या घटवून 3000 वर आणायचं ठरलं, त्यामुळे विचारणारे वाढलेत. तयारी मात्र यथातथाच.

आधी सहा फूट उंच, पाइपांचा मजबूत वाडा लागतो. तार नको, बिथरलेल्या घोड्याला ती दिसत नाही आणि पाय चिरतात. ट्रक थेट फाटकाला टेकवायचा, फट ठेवायची नाही.

पाणी उघड्या टबात. पातळीवर खूण करून ठेवा, कारण नव्या जागी काही घोडे पाणीच पीत नाहीत आणि मग पोटशूळ उठतो. खायला साधं वाळलं गवत. कौतुकाने दाणा घालणारेच जास्त घोळ घालतात: खुरांना आतून सूज येते, घोडा लंगडतो. जंतांच्या औषधाआधी लीद तपासून घ्या; खूप जंत एकदम मेले तर आतडं तुंबू शकतं.

घोडी असेल तर गाभण आहे असं धरूनच चाला. दिवस भरायला सुमारे 11 महिने लागतात. नर खच्ची केला तरी महिना-दीड महिना माद्यांपासून लांबच बांधा.