जेवल्यावर सुरू राहणारा नळ

कोल्हापुरात कुणाच्या अंगकाठीवर बोललं तर ती आपुलकी समजली जाते. 'काय गा, पार काडी झालायस की!' बहुतेकजण हसून सोडून देतात. पण ज्याने शाळेपासून 'बायल्या' ऐकलंय, आपला समलिंगी कल घरी कळू नये म्हणून जो चाल, आवाज, हातवारे सगळं जपून करतो, त्याला वाटतं, आता आपण पकडले जाणार. स्वतःवरचा हा पहारा हळूहळू ताटापर्यंत येतो.

समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांमध्ये खाण्याचे आजार इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळतात, हे परदेशातल्या अनेक अभ्यासांत दिसलंय. दोष कलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्रास होतो तो लपवण्याचा, चिडवण्याचा, घरातून तुटण्याच्या भीतीचा. त्यात डेटिंग ॲपवर फोटो बघूनच होणारी पसंती-नापसंती.

आपल्या तालमींच्या गावात हे ओळखायला उशीर होतो. पैलवानाच्या खुराकामागे जोर-बैठकांची मेहनत असते, तिथे भूक मारायची नसते. जिमला जाणारा मुलगा आधी भात सोडतो, मग भाकरी, मग चारचौघांत जेवणं, आणि घरचे कौतुकाने सांगतात, 'पोरगं शिस्तीचं झालंय.' दंड भरलेले असूनही आपण किडकिडीत आहोत असंच त्याला वाटत राहतं. खांदा दुखावला तरी व्यायाम चुकत नाही. हाही आजारच आहे आणि वजनकाट्यावर तो दिसत नाही.

जेवून मुद्दाम उलटी काढणाऱ्याचं वजनही बहुतेकदा नेहमीसारखंच असतं. जेवण झालं की लगेच बाथरूम, आवाज जाऊ नये म्हणून सोडलेला नळ, कानाखाली सुजलेले गाल, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, या खुणा बघा. उलटीने पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून रक्तातले क्षार आणि ईसीजी तपासून घ्यावेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं धरू नका. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच झिजतं. नुसत्या पाण्याने चूळ भरा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त यांपैकी काहीही झालं तर थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात.

आजाराची शंका आली तर त्याने स्वतःला विचारायचे पाच प्रश्न आहेत. पोट नकोसं भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतोस का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची धास्ती वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का? इतर बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड वाटतोस का? दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असतात का? दोन 'हो' आले तर डॉक्टर गाठायचा.

उपचाराचा पाया अगदी साधा: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री अधाशासारखा खातो, मग लाज, मग उलटी. उपास सुटल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

एक धोका मात्र आपल्या मायेतच आहे. पाच दिवस किंवा त्याहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला घरी दूध-तूप, मटण भरवायला बसू नका. अन्न एकदम वाढलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं आणि जीवावर बेततं. त्याला दवाखान्यात थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, तपासण्या करत, थोडं थोडं वाढवावं लागतं.

बोलायचं ते ताटावर नको, आणि कलाबद्दल विचारू नका. 'जेवलास की तू बाथरूमला जातोस, मला काळजी वाटते,' एवढंच पुरे. त्याने आपणहून सांगितलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई आहे. 'कल बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कल बदलण्याचा असा उपचार व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

घरच्यांनी आजपासून करण्यासारखं एक काम आहे. जेवण झाल्यावर तासभर त्याच्यासोबत बसा. शतपावलीला नेऊ नका, कॅरम मांडा.