कण घे, चिमूट नको

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे गॅदरिंगवर आणि खाल्लेल्या छड्यांवर लिहितीलच. मी मँगनीजवर लिहितो. आपल्या तुमसर तालुक्याला ते काही नवीन नाही. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची काळी धूळ आपल्या वह्यांवरही बसायची.

विज्ञानाच्या सरांनी त्याच दगडाची पूड घेऊन बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) मण्याची परीक्षा करून दाखवली होती. तारेची कडी तापवून बोरॅक्समध्ये टेकवली की तो लाहीसारखा फुगतो, मग वितळून पारदर्शक मणी होतो. त्याला पूड लावून पुन्हा ज्योतीत धरला की मणी जांभळा! माझ्या बाकावरच्या गड्यानं हात सैल सोडला, त्याचा मणी काळाकुट्ट. "कण घे बे, चिमूट नको!" सर ओरडले.

पुढे नागपुरात भूगर्भशास्त्र शिकताना विलेमाइट हाती आलं आणि सर आठवले. विलेमाइट म्हणजे जस्ताचं सिलिकेट. जगात ते मुबलक सापडतं अशा जागा मोजक्याच. त्यांत अमेरिकेतलं न्यू जर्सीचं फ्रँकलिन सगळ्यांत नावाजलेलं. आमचा नमुना तिथलाच. उजेडात बघाल तर मळकट, कुणी उचलणारही नाही. अंधारात शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड तरंगलांबीचा, अतिनील दिवा लावला आणि विलेमाइट हिरवंगार पेटलं, त्याला चिकटलेलं कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियमचं कार्बोनेट, लालभडक. मधले फ्रँकलिनाइटचे, म्हणजे लोह असलेल्या काळ्या खनिजाचे, दाणे मात्र काळेच राहिले.

दोन्ही रंग मँगनीजचेच. विलेमाइटमध्ये ते जस्ताच्या जागी बसतं, भोवती ऑक्सिजनचे चार अणू, म्हणून हिरवा. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या जागी, भोवती सहा, म्हणून लाल. सगळा शेजाराचा गुण! पण प्रमाण थोडंच हवं. फार झालं की उजेड मंदावतो. लोह तर तो मारूनच टाकतं. जुन्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची हिरवी रेघ उमटायची तीही अशाच कृत्रिम विलेमाइटवर.

शाळेच्या प्रयोगशाळेला तसाच एक अतिनील दिवा देतो आहे. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, चष्मा लावा. हे किरण साध्या काचेतूनही जात नाहीत. आणि पोट्ट्यांनो, पहिल्यांदा खाणीकडचा पांढरा संगमरवर त्याखाली धरा, तोही कॅल्साइटचाच. लाल दिसला तर मला फोन करा, सुट्टी टाकून येतो.