तुम्ही विचारलंत म्हणून: बॉर्डर आणि बाउंड्री

निपाणीत इंग्रजी शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला: "सर, बॉर्डर काय, बाउंड्री काय, दोन्ही सीमाच की! मग फरक कसला?"

फरक रुंदीचा आहे. बॉर्डर जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा मूळ अर्थ किनार. लुगड्याचा काठ म्हणजे बॉर्डर, बागेच्या कडेनं लावलेली फुलझाडांची पट्टी म्हणजेही बॉर्डर. इरकलीचा काठ बघा. तो अंगाबरोबरच विणला जातो, त्याला स्वतःचा रंग असतो, नक्षी असते. इंग्लंडच्या हद्दीला लागून असलेल्या स्कॉटलंडच्या अख्ख्या मुलखाला बॉर्डर्स म्हणतात तेही याच अर्थानं. तिथं गावं आहेत, शेतं आहेत. बॉर्डरमध्ये माणूस राहू शकतो.

बाउंड्रीत राहता येत नाही. ती शीव, ती हद्द. प्रश्न एवढाच, की आत की बाहेर. चेंडू तिथं पोचला की चार धावा. हल्ली तरुण मुलं "माझ्या बाउंड्रीज आहेत" म्हणतात, तिथं बॉर्डर्स म्हणून चालणार नाही; कारण कुणी किती आत यायचं ते ठरवायचं असतं. रॅडक्लिफनं १९४७ साली फाळणीची रेघ ओढली, त्या आयोगाचं नावही बाउंड्री कमिशन.

फ्रंटियर तिसरा. लॅटिनमधल्या कपाळावरून आलेला, म्हणजे परक्या मुलखाकडे तोंड केलेला. सरहद्द गांधींमधली सरहद्द ती. निपाणीला हा शब्द लावू नका. हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या कागलात लेक दिलेल्या माणसाला समोर परका मुलूख कुठून दिसणार?

आता आपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला झाली ती राज्यांची बाउंड्री. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाच्या नावातही बाउंड्री डिस्प्यूट्स हेच शब्द आहेत, आणि ते बरोबर आहेत, कारण महाराष्ट्र आणि कर्नाटकातला वाद रेघ कुठं असावी याचा आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी हा सीमाभाग ही रेघ नव्हे. घरात मराठी, बाजारात कन्नड, एकाच वाक्यात दोन्ही, असा हा रुंद पट्टा आहे. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, ते इंग्रजीत चूक धरत नाहीत. तरी सीमाभागावर निबंध लिहिताना मुलांनी बॉर्डर एरियाच लिहावं असा माझा आग्रह असतो. बाउंड्री लिहिलं की इथली माणसंच त्यातून गळतात.